घराला बुरूज कशाला?

कल्याणहून अंबरनाथ किंवा कर्जत लोकल पकडली की पहिलंच स्टेशन येतं ते विठ्ठलवाडी. फलाटावरची पिवळी पाटी तुमच्यापैकी कितीतरी जण रोज वाचत असतील. त्यातला विठ्ठल तर आपल्या ओळखीचाच. पण 'वाडी' म्हणजे काय हो?

वाडी म्हणजे चार-दहा घरं, भोवती झाडं, फार तर काट्याकुट्याचं कुंपण. वाडीचा मोठा भाऊ म्हणजे वाडा. त्याला चारही बाजूंनी भिंत असते आणि मध्ये चौक. आणि या दोघांचा एक दांडगा काका आहे. त्याचं नाव गढी. वाडीला कुंपण, वाड्याला भिंत आणि गढीला बुरूज! आजचा आपला लेख या काकांवर.

आता तुम्ही म्हणाल, बुरूज तर किल्ल्याला असतात. बरोबर. आपल्या कल्याणला खाडीकाठी दुर्गाडी किल्ला आहे, त्यालाही आहेत. पण दुर्गाडी होता सरकारचा. तिथे शिबंदी राहायची, खाडीवर नजर ठेवायची. गढीत मात्र एक कुटुंब राहायचं. आजी-आजोबा, काका-काकू, मुलंबाळं, नोकरचाकर, गाई-म्हशी, बैल, घोडे आणि वर्षभराचं धान्य, सगळं एकाच तटाच्या आत. झोपायचं, स्वयंपाक करायचा, धारा काढायच्या, शेतसारा मोजायचा आणि वेळ आली तर बंदुकाही झाडायच्या. सगळ्याला जागा एकच.

असं घर कोण बांधायचं? गावाचा पाटील, परगण्याचा देशमुख किंवा एखादा सरदार. परगणा म्हणजे पुष्कळ गावांचा मिळून एक भाग. त्याचा सारा गोळा करायचं काम देशमुखाकडे. सारा पुष्कळदा धान्यातच यायचा. आता विचार करा, आजूबाजूच्या गावांचं धान्य एका घरात येऊन पडतंय. बँक नाही, पोलीस चौकी नाही. सतराव्या शतकात दख्खनमध्ये निजामशाही, आदिलशाही आणि मोगलांच्या फौजा सारख्या इकडून तिकडे जात. जाता जाता घोड्यांना चारा आणि माणसांना दाणा लागायचाच, आणि तो विकत घेण्याची चाल काही सगळ्यांना नव्हती. १६३० ते १६३२ या काळात तर एवढा मोठा दुष्काळ पडला की गावंच्या गावं ओस पडली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांच्या टोळ्या आल्या. घोड्यावरून यायचं, हाताला लागेल ते लुटायचं आणि दिवस मावळायच्या आत पसार व्हायचं. अशा वेळी ज्याच्याकडे धान्य, त्याला भिंत हवीच.

चला तर, आपण एका गढीत शिरू या. अमुक एका गावची नव्हे हं. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, नगर-सोलापूरकडे ज्या गढ्या दिसतात, त्या सगळ्यांत मिळून जे असतं त्याची मनातल्या मनात एक गढी उभी करू या.

गावात शिरलात की सगळ्यात उंच जागी ती दिसेल. पुष्कळदा गढी जुन्या पांढरीच्या टेकाडावर असते. पांढरी म्हणजे काय, हे तुमच्या आजोबांना विचारा. शेतकऱ्यांच्या बोलण्यात 'काळी' म्हणजे शेत आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली की चुलीची राख, शेण, भुसा, पडलेल्या भिंतींची माती, चुना हे सगळं तिथेच साचत जातं. जागा उंच होत जाते आणि मातीचा रंग पांढुरका होतो. या मातीचा एक मोठा गुण असा की ती आपल्या काळ्या मातीसारखी फुगत नाही. काळी माती भिजली की फुगते, वाळली की तिला भेगा पडतात. कापसाला ती झकास, पण तिची भिंत बांधली तर दोन पावसाळ्यांत तिची चाळण होईल. पांढरी माती मात्र भिजवून, भुसा घालून, पायांनी खूप तुडवली की घट्ट बसते. एक थर घालायचा, वाळू द्यायचा, मग त्यावर दुसरा. पायथ्याला काळा घडीव दगड, त्यावर ही माती किंवा विटा. भिंत खाली रुंद आणि वर अरुंद होत जाते. कित्येक गढ्यांची भिंत इतकी जाड की तिच्यावरून माणूस आरामात चालत जाईल.

मातीची भिंत म्हणजे कच्ची, असं समजू नका बरं का! तोफेचा गोळा दगडी भिंतीवर आदळला की दगड फुटतो, निखळतो. मातीत तो रुतून बसतो. १८०५ साली इंग्रजांच्या लॉर्ड लेकने राजस्थानातल्या भरतपूरच्या मातीच्या तटावर चार वेळा हल्ला केला आणि चारही वेळा त्याला हात हलवत परतावं लागलं. त्या वेळी भरतपूरच्या राजाच्या आश्रयाला कोण होतं, ठाऊक आहे? यशवंतराव होळकर. आणि यशवंतराव जन्मले कुठे, तर पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या वाफगावला. तिथे होळकरांचा भुईकोट आहे, म्हणजे गढीचंच मोठं रूप. या भुईकोटात कित्येक वर्षं रयत शिक्षण संस्थेची शाळा भरत असे. बुरुजाशेजारी बसून पाढे म्हणायचे, काय मजा असेल!

पण ही पांढरी माती आपल्या कोकणात का नाही वापरली? उत्तर सोपं आहे. पाऊस. कल्याण-ठाण्याकडे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सोलापूर-नगरकडे पाचशे-सहाशे. आपल्याकडच्या आषाढात मातीची गढी चिखल होऊन ओढ्याला लागली असती. म्हणून इकडे दगड, चुना आणि उतरतं कौलारू छप्पर.

आता दरवाज्यापाशी या. जाडजूड लाकडी दार, त्यावर लोखंडी सुळे. हत्तीने डोकं लावून दार फोडू नये म्हणून हे सुळे. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याच्या प्रत्येक फळीवर असे बहात्तर सुळे आहेत. (शनिवारवाडा म्हणजे पेशव्यांची भलीमोठी गढीच म्हणा ना! १७३० ते १७३२ मध्ये बांधला, १८२८ च्या आगीत आतलं सारं जळून गेलं आणि तट-बुरूज तेवढे राहिले.) मोठं दार रोज उघडत नसत. त्याच्याच पोटात एक छोटं दार असतं, त्याला दिंडी म्हणतात. दिंडीतून आत जायचं तर वाकावं लागतं. पाहुण्याने वाकणं म्हणजे नम्रता, असं घरातली मोठी माणसं सांगतील. पण आत तलवार घेऊन उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला ते वाकलेलं डोकं किती सोयीचं पडत असेल, याचाही विचार करा.

दाराच्या मागे अडसर. अडसर म्हणजे एक लांब, जाड तुळईच. दिवसा ती बाजूच्या भिंतीतल्या खोल भोकात ढकललेली असते. रात्री ओढून दारामागे आडवी केली की बाहेरून कितीही धक्के मारा. दाराच्या दोन्ही अंगांना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांचे ओटे. वर नगारखाना.

दारातून सरळ आतलं काही दिसत नाही. वाट पुष्कळदा काटकोनात वळते, म्हणजे घोडा भरधाव आत घालता येत नाही. वळलात की पहिला चौक लागतो. हा गुराढोरांचा आणि कामाचा चौक. एका बाजूला पागा, एका बाजूला गोठा. गव्हाणी, दावणी, कडब्याच्या गंजी, औतं, गाड्या. इथेच आड, म्हणजे पायऱ्या नसलेली विहीर. वेढा पडला तर पाणी तटाच्या आतच हवं ना! या चौकात सकाळी काय गडबड असेल! शेणाचा वास, दुधाच्या चरव्या, घोड्यांचं खिंकाळणं आणि मध्येच सारा भरायला आलेले, पागोटं हातात घेऊन उभे असलेले शेतकरी. त्यांच्यासाठी पुढे सदर. तिथे देशमुख लोडाला टेकून बसत आणि कारकून वही मांडून.

दुसरा चौक घरचा. ओसरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाळंतिणीची अंधारी खोली. वर माडी. माडीवर जायचा जिना कुठे आहे? शोधा पाहू! तो भिंतीच्या पोटात असतो. एका वेळी एकच माणूस जाईल एवढा अरुंद, पायऱ्या उंच उंच, उजेड जवळजवळ नाहीच आणि वरच्या टोकाला लाकडी झडप. झडप खाली पाडली, तिच्यावर जड काही ठेवलं की खालचा खाली राहिला. घराचं छप्पर सपाट, माळवदाचं. तुळया, त्यावर फळ्या, पाला आणि वर पुन्हा तीच पांढरी माती. दर वर्षी मृगाच्या आधी माळवदावर माती टाकून चोपून घ्यायची, नाहीतर गळती ठरलेली.

पण गढीचा खरा जीव कशात, असं मला विचाराल तर मी सदर नाही सांगणार, नगारखानाही नाही. मी सांगेन पेव आणि बळद. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते धान्य इथे असे.

बळद म्हणजे जाड भिंतीत किंवा दोन भिंतींच्या मध्ये ठेवलेली धान्याची पोकळी. वरून धान्य ओतायचं आणि खालच्या छोट्या तोंडातून काढायचं. बाहेरून बघणाऱ्याला नुसती भिंत दिसते. पेव त्याहून गमतीचं. जमिनीत एक मोठा खड्डा खणायचा, तोंडाशी माणूस उतरेल एवढाच अरुंद, पोटात मात्र ऐसपैस, रांजणासारखा. आतून लिंपून घ्यायचं, काड-पेंढा लावायचा आणि ज्वारी भरायची. तोंडावर दगड, दगडावर माती, मातीवर सारवण. झाली जमीन सारखी! शत्रू वर उभा राहिला तरी पायाखाली काय आहे हे त्याला कळायचं नाही.

पेवात किडे का होत नाहीत? तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच याचं उत्तर आहे. धान्यही श्वास घेतं आणि त्यातले किडेही. तोंड बंद केलं की आतला ऑक्सिजन हळूहळू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे गुदमरून मरतात. धान्य टिकतं. पण म्हणूनच पेव जीवघेणंही असतं. उघडल्या उघडल्या आत उतरलेला माणूस बेशुद्ध होऊन पडे. जुनी माणसं तोंड बराच वेळ उघडं ठेवत, मग पेटता दिवा दोरीने आत सोडत. दिवा विझला की उतरायचं नाही. सांगलीजवळ हरिपूरला अशी शेकडो पेवं हळद साठवायला वापरत. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पाण्याने भरून खचली.

आता शेवटी बुरुजावर चला. तटाच्या चार कोपऱ्यांना चार बुरूज. बुरूज भिंतीच्या बाहेर पोट काढून उभा असतो, कारण त्यामुळे भिंतीच्या पायथ्याशी आलेला माणूसही बाजूने दिसतो. बुरुजाला आणि तटाला जंग्या, म्हणजे बंदुकीची नळी घालायची तिरकी भोकं. आतून रुंद, बाहेरून चिंचोळी. एका जंगीला डोळा लावून बघा, समोरचा रस्ता पुरता टप्प्यात असतो.

असं वाटेल की हे आपलंच काहीतरी खास. पण साता समुद्रापलीकडे स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्येही अगदी अशीच घरं होती. त्यांचं घर उभंच्या उभं, म्हणजे चार-पाच मजली दगडी बुरूज हेच घर. तळमजल्यावर कोठार, वर दिवाणखाना, त्यावर झोपायच्या खोल्या. शेजारी भिंतीने वेढलेलं अंगण, त्यात गोठा, तबेला, भटारखाना. रात्री गुरं आत घ्यायची आणि फाटक लावायचं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक रात्री घोड्यावरून येऊन एकमेकांची गुरं पळवत. साध्या शेतकऱ्यांची घरंही तिथे अशी की खाली गुरं आणि वर माणसं. स्मेलहोम नावाचा असा एक बुरूज अजून उभा आहे. त्याच्या जवळच आजोबांचं शेत होतं म्हणून एक आजारी मुलगा लहानपणी तिथे राहिला, गोष्टी ऐकल्या आणि पुढे मोठा कादंबरीकार झाला. त्याचं नाव सर वॉल्टर स्कॉट.

आणि तिथल्या राजांनी काय केलं असेल? १४२९ साली इंग्लंडच्या राजाच्या नावाने डब्लिनच्या आसपासच्या प्रांतात फर्मान निघालं की जो कोणी वीस फूट लांब, सोळा फूट रुंद आणि चाळीस फूट उंच बुरूज बांधील त्याला दहा पौंड मदत मिळेल. १५३५ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने तर सीमेवरच्या मोठ्या जमीनदारांना हुकूमच केला की साठ फूट चौरस दगडी आवार बांधा आणि संकटात लोकांना, त्यांच्या मालमत्तेला आत घ्या. म्हणजे राजा म्हणतो, बांधा, मी पैसे देतो!

आपल्याकडे मात्र उलट घडलं. शिवाजी महाराजांनी देशमुख-पाटलांचे बुरूज पाडायला लावले. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या शेवटी जिंजीला बसून महाराजांची बखर लिहिली. त्यात हे आलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हे वतनदार गावात कोट-बुरूज बांधतात, बंदूकवाले प्यादे बाळगतात, रयतेकडून हजार-दोन हजार वसूल करतात आणि सरकारात दोनशे-तीनशे भरतात. कोणी विचारायला गेलं की दरवाजा लावून भांडायला उभे! म्हणून महाराजांनी हुकूम केला की वतनदाराने घर बांधावं, पण बुरुजाशिवाय बांधावं. आणि रयतेकडून किती घ्यायचं हे सरकारने ठरवून दिलं.

आता सांगा, बुरूज कोणासाठी? लुटारू आला की सगळं गाव गढीकडे धावतं, तेव्हा तो गावासाठी. पण त्याच बुरुजावरची बंदूक रयतेकडेही वळवता येते आणि राजाकडेही. भिंत तीच असते. कोणाच्या हातात आहे त्यावर सगळं. इंग्लंडच्या राजाला शत्रूची भीती जास्त वाटली, महाराजांना रयतेच्या लुटीची चीड जास्त आली. मला विचाराल तर महाराजांनी गढीचा आतला कारभार जास्त नीट ओळखला होता. त्यांचं सगळं बालपण अशाच देशमुख-जहागीरदारांच्या जगात गेलं होतं ना! त्यांच्या आजोळचा वाडाच बघा. बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाला लखुजी जाधवरावांचा राजवाडा आहे. त्याचा भव्य दरवाजा आजही बघणाऱ्याला थांबवतो. जिजाऊ १५९८ साली तिथेच जन्मल्या. एवढा भक्कम वाडा, पण लखुजीरावांचा घात झाला तो घरी नव्हे, १६२९ साली निजामशहाच्या दरबारात. वेरूळला मालोजीराजांच्या गढीचे अवशेष आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यात चौंडीला अहिल्यादेवींच्या जन्मस्थानाची गढी आहे, ती दुरुस्त करून जपलेली आहे.

महाराजांनंतर काळ पालटला, सरदारांनी पुन्हा गढ्या बांधल्या. मग १८१८ मध्ये इंग्रजांचं राज्य आलं. सारा कलेक्टरच्या कचेरीत रोख जमा होऊ लागला, धान्य साठवायचं कारण उरलं नाही, पेंढारीही संपले. गढीला कामच राहिलं नाही. वाटण्या झाल्या. एका चौकाचे दहा मालक, आणि दहांपैकी आठ जण शहरात. माळवदावर माती टाकायला मृगाआधी कोणी येईना. एकदा माळवद गळलं की तुळया कुजतात, तुळया गेल्या की भिंती उघड्या पडतात.

सिंदखेडराजा, चौंडीसारख्या थोड्या जागा सोडल्या तर बाकीच्या गढ्या खाजगी. त्यांच्या बुरुजांची पांढरी माती गावातले लोक घर सारवायला, माळवदावर घालायला आणि शेतात टाकायला नेतात. शेकडो वर्षांची राख आणि शेण मुरलेली ती माती शेताला चांगलीच असते. या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. कित्येक गढ्यांच्या भिंती ज्यांनी तुडवून, डोक्यावर टोपल्या वाहून उभ्या केल्या, त्यांना त्याची मजुरीही मिळाली नव्हती. वेठीने काम करून घेतलं होतं. त्यांच्या पणतू-खापरपणतूंनी चार टोपल्या माती परत नेली तर काय बिघडलं? बिघडतं ते एवढंच, की माती गेली की जंग्या जातात, बळद जातं, अडसराचं भोक जातं, आणि ते कसं होतं याचा एकही कागद गावात नसतो.

तो कागद तुम्ही करू शकता. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गावी जाल, तेव्हा तिथे गढी असेल तर आईबाबांपैकी कोणाला तरी बरोबर घ्या. मालकांना विचारा. चौकटीची वही, पेन्सिल आणि शिंप्याकडची टेप एवढं पुरे. आधी तटाच्या बाहेरून चारही बाजू पावलांनी मोजा, आणि तुमचं एक पाऊल किती इंचांचं हे त्याच दिवशी मोजून ठेवा. मग दरवाजा कोणत्या दिशेला, बुरूज किती आणि कुठे, आड कुठे, गोठा कुठे हे मांडा. जंगीची रुंदी आतून आणि बाहेरून मोजा. अडसराच्या भोकात काठी घालून ते किती हात खोल आहे ते बघा, म्हणजे अडसर केवढा होता ते कळेल. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसून प्रत्येक खोलीचं नाव लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत. कागदावर तारीख घाला आणि एक प्रत शाळेत द्या.

खचलेल्या भिंतीवर आणि बुरुजावर चढायचं नाही. तळघरात शिरायचं नाही. आणि पेवाचं तोंड उघडं दिसलं तर ते लांबूनच बघायचं. दिवा सोडून पाहण्याचा प्रयोग आपण करायचा नाही.